पंगतीकडून टेबलाकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठी माणूस 'हॉटेलात' जातो तो मुक्कामाला नाही, खायला. मुक्काम करायचा असेल तर त्याला आपण 'लॉज' म्हणतो. साहेबाच्या भाषेत ज्या शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा, त्याचा आपण चहा आणि भजी केला. पाटीवर मात्र शुद्ध मराठीत 'उपाहारगृह' लिहायचं असतं, आणि रंगारी हमखास 'उपहारगृह' लिहितो. उपाहार म्हणजे फराळ, उपहार म्हणजे भेट. एका कान्याचा घोळ. पण आत काही भेट मिळणार नाही, हे पाटी वाचणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

2024 साली आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना लोक अजून 'नगर'च म्हणतात, मीही तेच म्हणेन. तर नगरच्या सावेडी भागात किंवा मनमाड रस्त्यावर रविवारी संध्याकाळी एखाद्या नव्या रेस्टॉरंटमध्ये डोकावून बघा. काचेचं दार, गार हवा, बारा पानांचं मेनूकार्ड, नाहीतर टेबलावर चिकटवलेला तो चौकटीचा कोड. एका टेबलावर कापडपेठेतलं मारवाडी कुटुंब, शेजारी कांद्याची पट्टी खिशात घेऊन आलेले दोन शेतकरी, पलीकडे वाढदिवसाचा केक कापणारी कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यामागे बुरख्यातली सासू आणि जीन्समधली सून असलेलं आमच्यासारखं एखादं कुटुंब. कुणी कुणाला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. वेटर फक्त विचारतो, "साधं पाणी की बिसलेरी?"

हे दृश्य इतकं साधं वाटतं की त्याला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण अनोळखी माणसाच्या शेजारी बसून, त्याच ताटवाट्यांत जेवायची ही मुभा फार जुनी नाही. माझ्या आजोबांच्या तरुणपणी ती नव्हती.

घराबाहेर जेवणं आपल्याकडे नव्हतं असं नाही. उलट उदंड होतं. लग्नाची पंगत, सप्त्याची पंगत, जत्रेतला भंडारा, देवस्थानचं अन्नछत्र, दर्ग्याचा लंगर. नगरच्याच इतिहासात बुऱ्हाण निजामशहानं सोळाव्या शतकात, शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारल्यावर, बारा इमामांच्या नावानं लंगर सुरू केला आणि त्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली. मोहरमला ज्या कोठल्यात आजही सगळ्या जातींची गर्दी होते, त्या 'बारा इमाम कोठल्या'च्या नावात ती आठवण आहे. पण लंगर काय किंवा पंगत काय, तिथे आपण कुणाचे तरी पाहुणे असतो. जे वाढलं जाईल ते खायचं. शिवाय पंगतीत कुणी कुठे बसायचं हे पानं मांडण्याआधीच ठरलेलं असतं. कुणाची पंगत आधी, कुणाची शेवटी, आणि कुणी मांडवाबाहेर उष्ट्याची वाट पाहत बसायचं, याचा हिशेब गावाला तोंडपाठ होता.

रेस्टॉरंट ही गोष्ट याच्या अगदी उलट. स्वतंत्र टेबल, पदार्थांची यादी, यादीत किंमत, आणि किंमत मोजली की आपण कुणाचे मिंधे नाही. ही पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रुजली. विलायतेत हिंदुस्थानी जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं ते पाटण्याच्या दीन महंमद या गृहस्थानं, 1810 साली लंडनमध्ये. हुक्क्याचीही सोय ठेवली होती म्हणे. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. साहेबाला आमच्या रश्श्याची गोडी लागायला आणखी शंभर-दीडशे वर्षं जायची होती.

आपल्याकडे अडचण चवीची नव्हती, स्पर्शाची होती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. रानडे, टिळक, गोखले अशी बडी मंडळी हजर होती. सभेनंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हलवला. ही सगळी मसलत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. अनेकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, रानड्यांनीही अखेर ते घेतलं. एका कपभर चहासाठी! ज्यांनी पुढे देश हलवला त्यांची ही गत, तर खेड्यातल्या माणसाची काय असेल?

नगरला याच काळात अमेरिकन मराठी मिशनचं काम जोरात होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुढे पाच वर्षांनी त्या वाटेनं गेल्या. मधल्या वर्षांत त्यांचं सोवळं, त्यांचं वेगळं पाणी, आणि ते हळूहळू कसं गळून पडलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त ज्या मोकळेपणानं सांगितलंय तसं कुठल्या समाजशास्त्रज्ञाला जमणार नाही. त्यांचा खरा पल्ला चुलीपासून शेजारणीच्या चुलीपर्यंतचा होता.

आता स्टेशनावर या. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि नगरला रेल्वे आली. गाडीच्या डब्यात तिकिटाचा वर्ग होता, पण फलाटावर धर्म होता. 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या देशभरच्या स्टेशनांवर घुमायच्या. चहाही तसाच वेगळा. माझे आजोबा सांगायचे, "पानी तो एकच विहिरीचं रे, फक्त बादली बाटली होती." बादलीनं धर्म बदलला, असा त्यांचा विनोद. ते हसून सांगायचे, पण ती बादली त्यांनी पाहिली होती.

आणि गंमत बघा. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे बारा नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. त्यात नेहरू होते, पटेल होते, आचार्य नरेंद्र देव होते. मौलाना आझाद, असफ अली आणि सय्यद महमूद होते. मौलानांनी किल्ल्यात लिहिलेली पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावानं 1946 मध्ये छापली गेली. त्यात चहावर असं प्रेमानं लिहिलंय की वाचताना वाफ लागते. मौलाना चिनी चहाचे शौकीन, आणि चहात दूध ओतणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. किल्ल्याच्या भिंतीआड हे सगळे एकत्र राहत होते, एक मौलाना चहाचं तत्त्वज्ञान लिहीत होता, आणि काही मैलांवरच्या स्टेशनात चहाला अजून हिंदू आणि मुसलमान अशी दोन नावं होती.

पण हिंदू-मुसलमान ही झाली निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी त्याहून कडू आहे. 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या डॉ. आंबेडकरांना शहरात राहायला-जेवायला जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत ते राहिले, आणि तिथल्या माणसानं नोंदवहीत त्यांचं नाव पारशी म्हणून लिहिलं. काही दिवसांतच काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. नोंदवहीतलं एक नाव माणसाला छप्पर देतं आणि तेच काढून घेतं. खेड्यातल्या हॉटेलात तर नोंदवहीचीही गरज नव्हती. दलितांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला. तो आपणच काढायचा, विसळायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जाणार. पैसेही वरूनच टाकायचे. पैशाला मात्र विटाळ नव्हता, तो थेट गल्ल्यात जायचा.

शहरात पाट्याच बोलायच्या. 'ब्राह्मणी खानावळ', 'मराठा खानावळ', 'हिंदू हॉटेल', 'मुसलमानी खानावळ'. पाटी वाचून माणूस आपापल्या दारानं आत शिरायचा.

म्हणून आपल्या राज्यघटनेतलं पंधरावं कलम मी पुनःपुन्हा वाचतो. बडे बडे हक्क सांगणाऱ्या त्या ग्रंथात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना चहाच्या टपरीचं महत्त्व कळलं होतं. पुढे 1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. त्यानं तर हॉटेलातल्या भांड्यांचीही दखल घेतली. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं भांडं कुणाला वापरू न देणं हा गुन्हा ठरला. वळचणीच्या कपाविरुद्ध देशाच्या संसदेला कायदा करावा लागला, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगतं का?

कायद्यानं दार उघडलं, पण माणसांना आत ढकललं ते एस.टी.नं, असं माझं मत आहे. 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एस.टी. धावली ती पुणे-नगर मार्गावर, याचा आम्हा नगरकरांना सार्थ अभिमान आहे. एस.टी.त शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसतं. पाथर्डीचा ऊसतोड मजूर आणि श्रीगोंद्याचा मास्तर एकाच बाकावर. गाडी स्टँडवर थांबली की दहा मिनिटांत सगळे कॅन्टीनमध्ये. कूपन घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, मिळेल तो कप उचलायचा. दहा मिनिटांत सोवळं पाळायला वेळ कुणाला होता? एस.टी. कॅन्टीनचा चहा कसा असतो हे मी सांगायला नको. मौलानांनी तो घेतला असता तर एक पत्र आणखी लिहिलं असतं. पण समतेचा चहा तोच.

पैसाही याच सुमाराला आला. प्रवरेच्या कालव्यानं ऊस आला होताच. लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950 च्या अखेरीला सुरू झाला. मग श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, संगमनेर इथे बाजारपेठा फुलल्या. बाजाराला आलेला शेतकरी घरून बांधून आणलेली भाकरी तशीच ठेवून मिसळ-पाव खाऊ लागला.

खानावळीचा एक वेगळा दरबार. मी शेवगाव तालुक्यातून बी.ए.साठी नगरला आलो तेव्हा महिनाभराचा 'मेंबर' झालो होतो. दोन वेळचं जेवण, रविवारी फीस्ट, गावी गेलं की खाडा धरायचा. पहिल्या दिवशी खानावळीच्या मावशींनी वहीत लिहायला नाव विचारलं. मी सांगितलं. पेन थोडा वेळ हवेत राहिला. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडं मटण नसतं हं बाळा, चालंल ना?" चाललं. तीन वर्षं चाललं. ईदला मी त्यांच्यासाठी डबा नेला तर त्यांनी शीरखुर्मा घेतला, आणि डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून त्यात चार बेसनलाडू घालून परत केला.

मग आले अण्णा लोक. मुंबईत माटुंग्याला 1942 साली रामा नायक यांनी उडुपी पद्धतीचं बोर्डिंग काढलं, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत इडली-डोसा तालुक्यापर्यंत पोचला. या हॉटेलांनी आपल्या बायकांवर एक उपकार केला, तो म्हणजे 'फॅमिली रूम'. प्लायवूडचे आडोसे, मळकट पडदा, एक कुरकुरणारा पंखा. आज हसू येतं. पण चारचौघांत खाणारी बाई म्हणजे निलाजरी, असं मानणाऱ्या काळात त्या पडद्यामागे आमच्या आया पहिल्यांदा हॉटेलात बसल्या. माझ्या आईनं आयुष्यातला पहिला मसाला डोसा तिथेच खाल्ला. संपवल्यावर विचारलं, "यातली भाजी वेगळी मागितली तर देतील का?" मला वाटतं, मागणीनुसार जेवण हा आधुनिक विचार तिनं त्या क्षणी आत्मसात केला.

फाळणीनं पंजाबी-सिंधी कुटुंबं आली, नगरच्या तारकपूर भागात वसली. तिकडे दिल्लीत पेशावरहून आलेल्यांच्या 'मोती महल'नं तंदूर आणि बटर चिकन देशभर नेलं. बटर चिकन नेमकं कुणी शोधलं, यावरून 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लागला. घर गमावलेल्या माणसांनी भट्टी पेटवली आणि आपण सगळे तिच्याभोवती जमलो. आज नगरच्या कुठल्याही मेनूकार्डात निम्मी पानं पनीरची असतात. उरलेल्यांत 'व्हेज कोल्हापुरी', जी कोल्हापूरच्या कुठल्याच घरात शिजत नाही. आणि मंच्युरियन. त्याबद्दल न बोललेलं बरं.

माझी एक तक्रार इथे नोंदवतो. मुंबई-दिल्लीची बडी रेस्टॉरंटं आता गावठी वाण, जुनी धान्यं, आजीच्या रेसिपी असं सांगून भरमसाट पैसे घेतात. ते देशी वाण जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्याच अकोले तालुक्यातल्या. त्यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. जिल्ह्याचं खरं अन्न बाजरी. हुलग्याचे शेंगोळे, मासवडी, येसराची आमटी, कर्जतकडची शिपी आमटी, आमच्या घरांतला दालचा आणि मोहरमचा खिचडा. यातलं किती सावेडीच्या बारा पानांत सापडतं? बाजरीची भाकरी सापडते, 'ऑन ऑर्डर', आणि ती रोटीपेक्षा महाग असते.

शिर्डीच्या रस्त्याला लागलं की मैलोन्मैल 'प्युअर व्हेज'च्या पाट्या. यात्रेकरूंची भावना आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. संस्थानच्या प्रसादालयात तर 2009 पासून सूर्याच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो, बघण्यासारखी गोष्ट आहे. पण 'साईसच्चरिता'चा अडतिसावा अध्याय भाविकांनी वाचलेला असतो. बाबा स्वतः बाजारात जाऊन, रोख पैसे मोजून सामान आणायचे, स्वतः मसाला वाटायचे आणि मशिदीत हंडी चढवायचे. कधी गोड भात, कधी मांस घातलेला पुलाव. जो खायचा त्याला तो मिळे, जो खात नसे त्याला कधी आग्रह नाही. 1918 साली ते गेले. ज्याला जे चालतं ते त्याच्या ताटात, आणि तरीही सगळे एका ठिकाणी बसलेले, असं जेवण या जिल्ह्यात एका फकिरानं तेव्हा करून दाखवलं होतं. आजच्या मेनूकार्डाची डावी आणि उजवी बाजू म्हणजे तरी दुसरं काय?

उघडलेली दारं पुन्हा लोटली जातात, हेही इतिहासच सांगतो. 2024 च्या जुलैत उत्तर प्रदेशात यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकांची नावं दर्शनी लावावीत असा फतवा निघाला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. काय शिजतं ते लिहा, कोण शिजवतं ते लिहायची सक्ती नको, असा त्याचा मथितार्थ. 2025 मध्ये आमच्याच पाथर्डी तालुक्यात, मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमानांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव झाला. प्रशासनानं तो ग्राह्य धरला नाही. मढीची रेवडी प्रसिद्ध आहे. ती कुठल्या हातानं वळली हे जिभेला आजवर कळलेलं नाही.

आता रविवारी आम्ही जातो तेव्हा दाराशीच गर्दी असते. एक मुलगा वही घेऊन उभा असतो, बहुतेक नेपाळचा किंवा बिहारचा. तो दोनच गोष्टी विचारतो, नाव आणि माणसं किती. आडनाव सांगताना अजूनही मी किंचित थांबतो. माझी सून थांबत नाही, ती मोठ्यानं सांगते. बाकावर आमच्या आधी कुलकर्णी असतात, गायकवाड असतात, मुनोत असतात, सगळे सारखेच भुकेले आणि सारखेच वैतागलेले. अर्ध्या तासानं तो मुलगा दार ढकलून बाहेर येतो आणि गर्दीवरून ओरडतो, "शेख, पाच जण!" आम्ही उठतो. आतलं टेबल नुकतंच पुसलेलं, अजून ओलं असतं.